साडूचा निळा उजेड

परमेश्वराने माणसाला तोंड दिलं ते जेवण्यासाठी नाही, बोलण्यासाठी नाही आणि देवाचं नाव घेण्यासाठी तर मुळीच नाही. त्यात एक पांढरी पिन बसवता यावी, एवढ्याच हेतूने दिलं, असं अंतःकरणापासून मानणारा सगळ्या हिंगोली जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो माझा साडू निघावा हा माझ्या नशिबाचा भाग. साडू हे नातं मुळातच विचित्र. भाऊ निवडता येत नाही हे खरं, पण निदान त्याच्याबरोबर लहानपणी भांडून घेता तरी येतं. साडू हा थेट तयार अवस्थेत मिळतो, सासरच्या ताटाशेजारच्या ताटावर बसवला जातो आणि मग जन्मभर दोन्ही ताटांत काय काय वाढलं गेलं याची तुलना होत राहते. माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारा मास्तर. तेव्हा कुणाच्या ताटात काय वाढलं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. पण एक सांगतो, त्या ताटाकडे त्याचं कधीच लक्ष नसे. त्याचं लक्ष समोर जेवणाऱ्याच्या जबड्याकडे असे.

माणसाच्या डोळ्यात बघून बोलावं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो ओठांकडे बघायचा आणि तुम्ही हसण्याची वाट पाहायचा. ओळख ठेवायचा तीही दातांवरून. बाजारात एखादा माणूस नमस्कार करून गेला की मी विचारायचो, "कोण हो हे?" साडू सांगायचा, "खालची उजवी अक्कलदाढ आडवी." नाव, गाव, काही नाही. एकदा आमच्या प्राचार्यांशी मी त्याची ओळख करून दिली. त्याने हात जोडले, थोडा वाकला, खालून वर बघितलं आणि म्हणाला, "रात्री दात खाता का हो?" प्राचार्यांना वाटलं हा संस्थाचालकांवर दात खाण्याबद्दल विचारतोय आणि पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी जपून वागत होते.

तरीही हे सगळं दातांच्या डॉक्टराला शोभेल इतपतच होतं. खरी बाधा झाली ती तो कुठल्याशा दक्षिणेकडच्या परिषदेला जाऊन आल्यावर. जाताना साधा माणूस गेला, येताना निळा उजेड घेऊन आला. दात पडला की त्या जागी हाडात एक कृत्रिम मूळ बसवतात, त्याला इम्प्लांट म्हणतात, एवढं आता आपल्याकडेही लोकांना ठाऊक झालं आहे. बहुतेक ठिकाणी हे मूळ धातूचं असतं. साडूला धातू आवडत नसे. हिरडी पातळ असली तर आतून करडी झाक दिसते, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा चेहरा असा व्हायचा की जणू ती झाक त्याच्याच अब्रूवर पडली आहे. म्हणून त्याने झिरकोनियाचं मूळ वापरायला घेतलं. झिरकोनिया म्हणजे पांढराशुभ्र, दगडासारखा टणक पदार्थ. भट्टीत भाजून केलेला. मी एकदा त्याला "म्हणजे चिनी मातीच की" असं म्हणालो होतो. त्यानंतर दिवाळीच्या फराळापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

परिषदेत त्याला कळलं ते असं, की हे मूळ, म्हणजे त्याच्या भाषेत पिन, कारखान्यातून निघाली की म्हातारी व्हायला लागते. पाकीटबंद असली तरी. "हवेतला कार्बन चढतो तिच्यावर, साडूभाऊ," तो मला समजावायचा. "डोळ्याला दिसत नाही. पण पाण्याचा थेंब टाका, तो गोल गोळी होऊन बसतो, पसरत नाही. जिथं पाणी पसरत नाही तिथं रक्त पसरत नाही, आणि जिथं रक्त पसरत नाही तिथं हाडाची पेशी बूड टेकत नाही. मग हाड धरणार कसं?" यावर उपाय अतिनील किरणांचा. पिन बसवण्याच्या अगदी आधी ती एका पेटीत ठेवायची, किरण सोडायचे, आत निळा उजेड पडतो, कार्बन उडून जातो, पिन पुन्हा तरुण होते, थेंब टाकला की चादरीसारखा पसरतो आणि हाडाच्या पेशी तिला आनंदाने बिलगतात. मी तीस वर्षं पोरांना शिकवत आलो की ओझोनच्या थराने आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवलं, नाहीतर आपली खैर नव्हती. आणि माझा सख्खा साडू तेच किरण पेटीत भरून जवाहर रस्त्यामागच्या गल्लीत घेऊन आला होता.

पेटी आली त्या दिवशी मेव्हणीने तिला हळदकुंकू लावलं. साडूने ते लगेच पुसलं, कारण कुंकवात तेल असतं. इथून पुढे त्या घराचे हाल सुरू झाले. दवाखाना खाली, घर वर. हवेतला कार्बन म्हटल्यावर पहिली शंका कुणावर जाणार, तर वरच्या मजल्यावरच्या फोडणीवर. ज्या दिवशी खाली पिन बसवायची त्या दिवशी वर तेल तापवायचं नाही, उदबत्ती लावायची नाही, कुणी अत्तर लावून घरात यायचं नाही. दवाखान्यात मदतीला असलेल्या कांताबाईंना त्या दिवशी केसांना तेल लावायला बंदी होती. त्या मला म्हणाल्या, "सर, बिनतेलाचं डोस्कं दिसभर ठणकतं. पेशी बसू लागल्या, पर माझ्या डोस्क्यात." मेव्हणी तेवढीही बोलायची नाही. ती बिनफोडणीचं वरण नवऱ्याच्या ताटात वाढायची आणि तो चवीने जेवतो की काय याकडे टक लावून बघत बसायची. तो चवीने जेवायचा. हाच तिचा खरा संताप होता. फाल्गुनात शिवारात हळद शिजायला लागली, कढयांचा वाफारा आणि धूर गावावर यायला लागला की हा दवाखान्याच्या खिडक्यांच्या फटी ओल्या फडक्यांनी बुजवत हिंडायचा. ज्या जिल्ह्यात सगळं जग हळदीच्या धुराकडे आशेने बघतं, तिथे एकटा हा माणूस त्या धुराला शिव्या देत होता.

पाण्याच्या थेंबाचं वेड वेगळंच. त्याच्या खिशात डोळ्यांत औषध घालायची एक बाटली असायची, पाण्याने भरलेली. दिसेल त्या वस्तूवर थेंब टाकून तो पसरतो की गोळी होतो हे बघणं हा त्याचा छंद झाला. माझ्या नव्या गाडीचं बॉनेट, आमच्या सासऱ्यांच्या तसबिरीची काच, अळूचं पान, भाचीच्या लग्नाची पत्रिका, काही सोडलं नाही. औंढ्याला एका बारशाच्या जेवणात आम्ही पंगतीला बसलो होतो. वाढप व्हायच्या आधी याने बाटली काढली आणि ताटाच्या कडेने, फरशीवर एकेक थेंब ठेवत गेला. समोर यजमानांचे वृद्ध काका बसले होते. त्यांना वाटलं चित्राहुती घालतोय. त्यांचे डोळे भरून आले. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "बघा, एवढा शिकेल मानूस, पर जेवनाआधी देवाची याद इसरला न्हाई." साडूने मान वर करून सांगितलं, "काका, फरशीवर पसरला, ताटावर नाही पसरला. तुमचं ताट फार मेणचट आहे." पंगत शांतपणे जेवली.

दवाखान्यात येणाऱ्यांना हे सगळं ऐकून घ्यावंच लागे. साखऱ्याचा एक शेतकरी गाल सुजवून आला होता. त्याला फक्त दाढ काढून हवी होती. याने त्याला खुर्चीत बसवायच्या आधी उभ्याउभ्याच पेशी, कार्बन, थेंब, सगळं सांगायला घेतलं. तो बिचारा गाल धरून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्या पेशी बसतील तवा बसतील. मला दोन दिसापासून बूड टेकवंना, आधी मला बसू द्या." दुसऱ्या एका बाई तांड्यावरून आल्या होत्या, नातवाला घेऊन. निळ्या उजेडाने हाड धरतं असं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे धरा त्या उजेडात, लई तकलीफ हाय." साडूने त्यांना खूप वेळ घेऊन, चित्र काढून समजावलं, की हा उजेड जिवंत हाडासाठी नाही, पिनेसाठी आहे, अंगावर पडला तर कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते, म्हणून तर पेटी बंद असते. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "बराबर हाय. मंग एकच गुडघा धरा."

हे सगळं मी घरी येऊन रंगवून सांगायचो आणि बायको हसून हसून लोळायची. खोटं कशाला बोलू, आमच्या घरातली करमणूक बरीचशी त्याच्यावर चालली होती. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. मी त्याला एकदा टोचून विचारलं होतं, "डॉक्टर, हे माणसात सिद्ध झालंय का?" तो जराही न रागावता म्हणाला, "बशीत झालंय. सशात झालंय. माणसात अजून फार थोडं." मी म्हणालो, "मग एवढ्या खात्रीने कसं सांगता?" त्यावर तो माझ्या दातांकडे बघत राहिला.

मग मामींचं झालं.

मामी म्हणजे आम्हा दोघांच्या सासूबाई. शिरड शहापूरला थोरल्या मुलाजवळ राहतात. सासरे गेल्यापासून शेत, गोठा, भावकी, सगळं त्यांच्याच आवाजावर चालायचं. आवाज असा की गल्लीच्या ह्या टोकाला त्या गड्याला हाक मारत तेव्हा त्या टोकाची कुत्रीही उठून बसायची. भावकीत बांधावरून, पाण्यावरून काही वाद निघाला की पुरुष मंडळी पारावर बसायची आणि मामी ओट्यावरून, डोक्यावरचा पदर ढळू न देता, दोन वाक्यांत निकाल द्यायच्या. तर त्या एका सकाळी म्हशीला बांधत असताना म्हशीने मान झटकली आणि शिंग तोंडावर बसलं. वरचे समोरचे दोन दात मुळातून गेले.

जखम बरी झाली, पण बोलताना स म्हटलं की शीळ वाजायला लागली. सरपंच म्हटलं की शीळ, सून म्हटलं की शीळ. पुढे भावकीची बैठक झाली, बांधाचाच वाद होता, आणि मामी बोलायला लागल्यावर मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी खुदकन हसलं. मामी वाक्य अर्धं टाकून आत गेल्या. तेव्हापासून त्या बोलेनाशाच झाल्या. माझी बायको माहेरी जाऊन आली ती रडवेली होऊन. "आई पदरानं तोंड झाकून बसती," ती म्हणाली. "गड्याला हाताने खुणावती. दादा परस्पर बांध सोडून देऊन राहिला, तरी एक शब्द बोलली न्हाई." काढघाल करायचे दात मामींना नको होते. रात्री वाटीत दात काढून ठेवायचे म्हणजे आपण म्हातारं झालो हे कबूल करायचं, आणि त्याला त्या तयार नव्हत्या. उरला एक उपाय, आणि तो धाकट्या जावयाच्या पेटीत होता.

अडचण वेगळीच होती. ज्या जावयापुढे लग्नापासून आजवर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, ज्याच्याशी बोलायचं तर दाराच्या आडून, त्याच्यापुढे तोंड वासून निजायचं. मामी म्हणाल्या, "त्यापरीस शीळ बरी." शेवटी माझ्या बायकोने तोड काढली. "आई, खुर्चीत बसेपर्यंत ते जावई. बसल्यावर डॉक्टर." मामींनी विचार केला आणि अट घातली, "मंग त्यांनी मला मामी म्हनायचं न्हाई. बाई म्हनायचं. अन् मी डोळे उघडनार न्हाई."

ठरल्या दिवशी घर बिनफोडणीचं, कांताबाई बिनतेलाच्या, साडू आदल्या दिवसापासून बिनझोपेचा. मी काचेच्या पलीकडे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. मामी खुर्चीत आडव्या, पदर कपाळापर्यंत, डोळे घट्ट मिटलेले, आणि आमचा साडू अत्यंत आदबीने म्हणत होता, "बाई, अजून थोडं उघडा. बाई, थोडं." पेटीत निळा उजेड लागला होता. पहिली पिन बाहेर निघाली, हाडात गेली. साडूने काचेतून माझ्याकडे असं बघितलं की त्याच्या बारशापासूनचे सगळे आनंद त्या नजरेत होते. दुसरी पिन त्याने पेटीतून उचलली आणि ती चिमट्यातून निसटून फरशीवर पडली. पडलेली पिन आता तोंडात जाणार नव्हती. जवळ एक जादा पिन होती, ती पाकिटातून काढून पेटीत ठेवणार एवढ्यात लाईट गेली. वरचा दिवा आणि खुर्ची इन्व्हर्टरवर चालत होती, पेटी त्यावर चालत नव्हती. इकडे मामींचं हाड उघडं, भूल उतरायच्या बेतात, आणि मामी डोळे न उघडता, तोंड न मिटता, घशातून विचारत होत्या, "काहून थांबले?" साडूने एकदा बंद पडलेल्या पेटीकडे बघितलं. मग त्याने ती म्हातारी, कार्बन चढलेली, जिच्यावर थेंब पसरत नाही अशी पिन तशीच बसवली.

त्यानंतर हाड धरेपर्यंतचे काही महिने त्याने सुतकात काढले. "एक उजेडाचा आहे, एक बिनउजेडाचा," तो मला सांगायचा आणि बिनउजेडाचा म्हणताना विजेच्या बटणाकडे बघायचा. विद्युत मंडळाबद्दल तो जे बोलायचा ते इथे लिहिता येणार नाही. मामी दर काही दिवसांनी दाखवायला यायच्या, पदर तोंडावर धरून, आणि हा प्रत्येक वेळी त्या दुसऱ्या पिनेकडे असा बघायचा की जणू ती नापास होणार हे त्याला ठाऊक आहे, फक्त निकाल लागायचा बाकी आहे.

निकाल लागला. मी त्या दिवशी मामींना घेऊन आलो होतो. साडूने आरशाच्या दांडीने आधी बिनउजेडाच्या पिनेवर हलकेच टकटक केलं. आवाज दगडावर दगड आपटावा तसा आला. त्याने पुन्हा केलं. मग तो दुसरीकडे वळला, उजेडाच्या पिनेला बोट लावलं आणि ती हलली. हिरडीत रुतलेल्या काडीसारखी सहज हलली. साडूने बोट मागे घेतलं. हातमोजे काढले. नळ सोडून हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

मी त्याला बाहेर ओढलं. खरं सांगायचं तर मला हसू यायला लागलं होतं. घरी सांगायला एवढा मसाला मला आयुष्यात परत मिळणार नव्हता. पण त्याचा चेहरा बघून ते ओठांपाशीच थांबलं. मी म्हणालो, "डॉक्टर, सांगून टाका की वय झालंय, हाड कमकुवत होतं. त्यांना काय कळतंय?"

"हाड कमकुवत होतंच," तो म्हणाला. "म्हशीचं शिंग बरोबर त्याच जागी लागलं होतं. आतली भिंत पातळ झाली होती. थोडं थांबून, ते भरून येऊ देऊन मग बसवायला पाहिजे होतं. एक्स-रेच्या फोटोत दिसत होतं ते."

"मग?"

"मी पिनेकडं बघत राहिलो, साडूभाऊ. हाडाकडं बघायचं राहिलं."

तो आत गेला. मामी खुर्चीतच होत्या, डोळे मिटलेल्या. याने बाई म्हणायचं सोडून दिलं. "मामी," तो म्हणाला, "ज्या पिनेवर मी एवढा उजेड पाडला ती सैल झाली. दुसरी बसली. चूक तुमच्या हाडाची नाही, उजेडाचीही नाही. माझी आहे. घाई केली. नांदेडला माझे एक गुरू आहेत, मी स्वतः तुम्हाला तिकडं घेऊन जातो."

मामींनी डोळे उघडले. त्या खुर्चीत त्यांनी पहिल्यांदाच डोळे उघडले होते. जावयाकडे बघितलं. आधी पदर सारखा केला, मग म्हणाल्या, "एकदा तोंड उघडलं तुमच्यापुढं. आता आनिक कोनापुढं उघडू?" स त्यात एकही नव्हता, त्यामुळे शीळही वाजली नाही.

"मामी, पण..."

"काढा ती. हाड भरंस्तवर थांबते. दुसरी बसवा. मला भावकीत बोलायचं हाय."

हाड भरेपर्यंत बरेच महिने गेले. त्या काळात साडू कमालीचा गप्प झाला. खिशातली बाटली गेली. रुग्ण यायचे, तो दाढ काढायचा, औषध द्यायचा, माणसं निघून जायची. कांताबाई डोक्याला तेल चोपडून यायला लागल्या होत्या आणि तरी खूश नव्हत्या. "डॉक्टर बोलून न्हाई राहिले, सर," त्या मला म्हणाल्या. "रिकामं रिकामं वाटतं." वर मेव्हणीने फोडणी सुरू केली होती, आणि तो तीही त्याच चवीने जेवायचा.

पुन्हा बसवायच्या दिवशी पेटी झाकलेलीच होती. खुर्चीत बसताना मामींनी ती बघितली आणि विचारलं, "उजेड न्हाई लावत का?"

"त्याने फरक पडेलच असं मला आता सांगता येत नाही, मामी," साडू म्हणाला. "एका तोंडावरून काहीच सिद्ध होत नाही. ना हो, ना नाही."

"उजेडानं वाईट तर न्हाई होत?"

"नाही. पिनेला नाही आणि तुम्हालाही नाही."

"मंग लावा," मामी म्हणाल्या. "तुमाला बरं वाटंल."

त्याने पेटीवरचं झाकण काढलं. मी काचेपलीकडून पाहत होतो. पिन आत ठेवण्याआधी त्याने मामींच्या हाडाचा फोटो दिव्यासमोर धरून इतका वेळ बघितला की कांताबाईंनी दोनदा घसा खाकरला. मग उजेड लावला. या खेपेला लाईट गेली नाही, काही पडलं नाही, आणि सांगण्यासारखं काहीच घडलं नाही. डॉक्टरी बहुधा अशीच असावी.

पिन धरली. दोन्हींवर दात चढले, आणि ते इतके बेमालूम होते की मामींना स्वतःलाच आरशात कुठले ते शोधावे लागले. पुढच्या भावकीच्या बैठकीत मामी ओट्यावर आल्या आणि सरपंचांना नावाने, सगळ्या स-सकट, असं काही सुनावलं की सोडलेला बांध थोरल्या मुलाला परत मागावा लागला आणि समोरच्यांनी तो दिलाही. बैठकीला मी हजर होतो. मामी बोलत होत्या आणि मला दिसत होतं, माणसं त्यांच्या दातांकडे बघतच नव्हती. ऐकत होती. साडूही तिथे होता. तोसुद्धा दातांकडे बघत नव्हता. खाली मान घालून बोटाने धुळीत रेघा काढत बसला होता.

पुढे नांदेडला दंतवैद्यांचा मेळावा भरला तेव्हा त्याला बोलायला बोलावलं. निळ्या उजेडाबद्दल ऐकायला लोक जमले होते. त्याने मामींचं नाव न घेता ही सगळी हकिगत सांगितली: पडलेली पिन, गेलेली लाईट, धरलेली आणि सुटलेली पिन, न बघितलेला फोटो. सुरुवातीला लोक हसले. मी मागच्या खुर्चीत होतो, आणि हसणाऱ्यांच्या जागी मी कितीदा बसलो होतो ते मला आठवलं. नंतर कुणी हसेना. कार्यक्रम संपल्यावर एका कॉलेजचे प्राध्यापक त्याला शोधत आले आणि म्हणाले, तुम्ही आमच्या मुलांना शिकवायला या. शिकवणं म्हणजे समोर बसलेल्यांना पेशी, कार्बन आणि थेंब तासभर सांगायचं, आणि त्यांनी उठून जायचं नाही. याहून त्याला काय हवं होतं?

त्यांचं बिऱ्हाड त्या कॉलेजच्या गावी हललं त्याला आता बराच काळ झाला. सणावाराला येतात. मेव्हणी तिकडच्या फ्लॅटमध्ये मनसोक्त फोडण्या देते असं ऐकतो. त्या गल्लीतल्या दवाखान्याच्या जागी आता एक तरुण डॉक्टरीण बसते. परवा माझी दाढ ठणकायला लागली म्हणून गेलो. मुलगी हुशार आहे, हात हलका आहे. तिने बघितलं, सुई दिली, आणि मी नीट सावरून बसायच्या आत दाढ काढून कापूस दाबला. औषधं लिहून दिली. पेशी नाहीत, कार्बन नाही, थेंब नाही. तरी मी खुर्चीतून उठेना. तिने हातमोजे काढता काढता विचारलं, "काका, अजून काही राहिलं का?"

मी तोंडातला कापूस दाबून धरला आणि मान हलवली. राहिलं होतं. पण ते काही तिला मागण्यासारखं नव्हतं.